जयवंताबाईंची आंघोळ

कुंडलिक इंदापूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात शवागारात कामाला होता. शवविच्छेदन झालं की टाके घालायचे, हे त्याचं काम. ते तो आधीच्या माणसाकडं बघून शिकला होता. जाड दोरा, लांब सुई; वरून खुपसायची, पलीकडून ओढायची. पोतं शिवतात तसं. त्यावरून त्याला कधी कुणी बोललं नव्हतं. बारामतीहून बदलून आलेल्या डॉक्टर उत्कर्षा मात्र पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "कुंडलिकमामा, एक वेगळा टाका दाखवू का?"

"मढ्याला काय दुखतंय का मॅडम?" म्हणत तो हात धुवायला गेला. बोलणं मात्र मनाला लागलं.

त्याच महिन्यात निरवांगीच्या जयवंताबाई उसात साप चावून गेल्या. शवविच्छेदन झालं, शिवायचं बाकी होतं. कुंडलिक चादर आणायला बाहेर आला, तर त्यांची लेक छकुली दारापाशीच उभी.

"तात्या, आईला घरी आंघोळ घालता यील का? हिरवं लुगडं नेसवायचं हाय."

यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे. गुंडाळलंय तसंच न्या, सोडू नका. पाणी पडलं की त्याच्या टाक्यांतून पाझरायचं. आज त्याला मॅडमचं बोलणं आठवलं.

"जरा दम धर," म्हणून तो आत वळला. "मॅडम, तो टाका दाखवा."

उत्कर्षांनी हातमोजे परत चढवले. "सुई आतून बाहेर काढायची. एकदा या कडेनं, एकदा त्या कडेनं. दर टाक्याला दोरा ओढून घ्या, म्हणजे कडा आत वळतात." थोडं शिवून त्यांनी सुई त्याच्या हातात दिली. त्याचा पहिला टाका सैल पडला. त्यांनी उसवायला लावला. मग हात बसला. नातेवाईक दार वाजवत होते, तरी त्यानं घाई केली नाही. शेवटी शिवणीवर पाणी ओतून, पुसून तो बघत थांबला. काही पाझरलं नाही.

बाहेर येऊन त्यानं छकुलीला बाजूला घेतलं. "घाला आंघोळ. छातीवर जोरानं चोळू नका. लुगडं नेसवल्यावर कायबी दिसायचं न्हाय."

"व्हय," एवढंच ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा रडली.

संध्याकाळी अंथुर्ण्याला घरी गेल्यावर कुंडलिकनं बायकोला सगळं सांगितलं. शवागारातली गोष्ट एवढ्या वर्षांत त्यानं घरात आणली नव्हती. भाकरी थापता थापता ती थांबली.

"मंग आता समद्यांना तसंच शिवा."

"तसंच शिवनार," म्हणत त्यानं ताट पुढं ओढलं.