मर्लचा अंगठा आणि कलम सात

मर्ल डेटमनने माझ्या टेबलावर बापाच्या जर्मन पिस्तुलाचं रिकामं मॅगझीन ठेवलं, शेजारी आठ काडतुसं ओळीने मांडली आणि म्हणाला, "लव्हॉन, दार लाव."

मंगळवारी दुपारी आमच्या नेमबाजी क्लबचं दार उघडं असलं काय नि बंद असलं काय, कुत्रंही फिरकत नाही. तरी लावलं. एकवीस वर्षं मी या रेंजवर शिट्टी फुंकते आहे. गोळी झाडण्याआधी माणूस किती खोटं बोलतो आणि झाडल्यावर किती, याचा मला चांगला अंदाज आलाय. पण मर्लच्या तोंडावर त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. तो घाबरला होता.

"आता बघ," म्हणत त्याने मॅगझीन भरायला घेतलं. चार काडतुसं गेली. पाचव्याला त्याने दातओठ खाल्ले. सहाव्याला अशी शिवी हासडली की चर्चमध्ये देणगीची थाळी फिरवणारा मर्ल तो हाच का, असं मला वाटलं. सातवं निसटलं आणि टुणकन माझ्या कॉफीत पडलं.

"डॉक्टरीण म्हणते सांधा झिजला," अंगठा माझ्या नाकासमोर धरत तो म्हणाला. "अठ्ठ्याहत्तर वर्षं वापरला, आता नवीन मिळत नाही म्हणे. आणि मॅच तीन आठवड्यांवर. दोन मिनिटांत आठ भरली नाहीत तर तू मला रेषेवरून उठवशील."

"उठवीन," मी म्हणाले. "नियम आहे."

"मला वाटलं, तू निदान 'बघू' म्हणशील."

जुन्या शस्त्रांची ही मॅच आमच्याकडे दर जूनमध्ये होते. मर्लचा बाप ते पिस्तूल युद्धावरून घेऊन आला होता, आणि अठराव्या वर्षापासून मर्लने एक जून चुकवलेला नाही. "एकदा रेषेवरून उठलो की पिस्तूल काचेच्या कपाटात आणि मी बाकावर," तो म्हणाला. "आणि बाकावर बसलेले पुढच्या जूनला दिसत नाहीत. तूही पाहिलंयस." पाहिलं होतं. मी कॉफीतलं काडतूस चमच्याने काढून पुसत बसले.

"मग लोडर घे ना," मी म्हणाले. "मॅगझीनचं बटण खाली ओढून धरणारं ते प्लॅस्टिकचं. पाच वर्षांचं पोरही भरेल."

मर्ल खिडकीबाहेर बघू लागला. कारण आम्हा दोघांना कलम सात तोंडपाठ होतं.

एक्याण्णव साली ड्वेन कुबियाकने क्लबच्या मीटिंगला असाच एक नारिंगी लोडर आणला. ड्वेनचं पिस्तूल हुबेहूब मर्लच्यासारखंच, फक्त लिलावात घेतलेलं. त्याने लोडर टेबलावर ठेवायचा अवकाश, मर्ल उठून उभा राहिला आणि वीस मिनिटं बोलला. "माझ्या बापाने हे मॅगझीन जन्मभर अंगठ्याने भरलं! ज्याच्या अंगठ्यात दम नाही त्याने घरी बसून मोजे विणावेत!" टाळ्या पडल्या. जुन्या शस्त्रांच्या मॅचला मॅगझीन भरायला एकतर नुसता अंगठा, नाहीतर पंचेचाळीस सालाआधीचं अवजार, हे कलम मर्लने स्वतःच्या सुंदर अक्षरात वहीत लिहिलं. तेव्हापासून ड्वेन त्याच्याशी "मीठ सरकव" याच्यापलीकडे काही बोललेला नाही. आणि आता मॅचच्या दिवशी प्रत्येकाचं सामान तपासायचं काम ड्वेनकडे आहे. पोस्टाची तिकिटं बघायचं भिंग घेऊन तो ते मन लावून करतो.

"कलम बदलायची सूचना मांड," मी म्हणाले.

"कुठल्या तोंडाने? त्या ड्वेनसमोर? त्यापेक्षा मोजे विणीन."

तेव्हा पंचेचाळीसच्या आधीचा लोडर शोधणं एवढाच मार्ग उरला. पुढचे दोन्ही मंगळवार मर्ल दार लावायला सांगून नवे नवे नमुने टेबलावर मांडत गेला. पहिला मिलवॉकीच्या प्रदर्शनातला. विकणाऱ्याने म्हणे आईची शपथ घेतली होती. सहाव्या काडतुसाला तो अस्सल जर्मन पोलादाचा लोडर चीजच्या पट्टीसारखा वाकला. दुसरा पितळेचा, चांगला जड आणि खरंच जुना, पण भलत्याच पिस्तुलाचा. तो मॅगझीनवर चढला तो उतरेचना. शेवटी मी केकच्या सुरीने उचकटून काढला, आणि सुरीचं टोक गेलं ते गेलंच.

तिसरा लोडर अक्रोडाच्या लाकडाचा होता. काळपट, कडा झिजलेल्या, आणि काम झकास करत होता.

"हा कुठे मिळाला?" मी विचारलं. तेवढ्यात मला वास आला. "मर्ल, याला कॉफीचा वास येतोय."

"रात्रभर भिजवलाय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मीच कोरला. भिंगातून कळणार नाही."

"मला कळलंय ना. हे घेऊन रेषेवर आलास तर शिट्टी मीच फुंकीन."

त्याने तो खिशात टाकला. मला वाईट वाटलं, पण तसं मी बोलले नाही. लबाडी करायला निघालेल्या म्हाताऱ्याला धीर द्यायचा नसतो.

शुक्रवारी मासे खायला आम्ही नेहमीच्या बारमध्ये जमलो. मर्लची थोरली बहीण अर्लीनबाईही होत्या. त्या चौऱ्याऐंशीच्या, शाळेत त्यांनी मला शिवण शिकवलं, म्हणून मी अजून त्यांच्यासमोर पाठ ताठ करून बसते. ब्रँडीचा दुसरा ग्लास झाल्यावर मर्लने त्यांना सगळं रडगाणं ऐकवलं.

अर्लीनबाईंनी माशावर लिंबू पिळलं. "पप्पांच्या पिस्तुलाच्या चामडी होल्स्टरच्या झाकणात एक छोटा खिसा आहे बघ. त्यात काय असायचं, कधी विचार केलास?"

"तो रिकामाच आहे. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून नाही रे बाबा." शिवणाचा बटवा घेतल्याशिवाय बाई चर्चलाही जात नाहीत. त्यांनी पर्समधून तो काढला, सुया बाजूला सारल्या आणि एक लोखंडी पट्टी टेबलावर ठेवली. करंगळीएवढी लांब, एका टोकाला पेचकस, दुसऱ्या टोकाला गोल भोक. मला बघताक्षणी कळलं. ते भोक मॅगझीनच्या बटणावर बसतं आणि पट्टी खाली ओढली की स्प्रिंग मुकाट दबते.

"शिलाई मशीनच्या स्क्रूला बरी पडते," बाई म्हणाल्या. "पप्पा गेल्यावर मी घेतली. या पट्टीशिवाय त्यांनी एक काडतूस भरलं नाही. युद्धात थंडीने त्यांचा अंगठा गेला होता, वळायचाच नाही."

"पण पप्पा तर अंगठ्याने…"

"तू सात वर्षांचा होतास. गोठ्यातून धावत आलास आणि म्हणालास, 'पप्पा, अंगठ्याने भरलंत सगळं?' आणि असा काही बघत होतास त्यांच्याकडे, की त्यांना नाही म्हणवेना. मग तू येताना दिसलास की मला म्हणायचे, 'अर्लीन, लपव, पोरगं येतंय.' मी एप्रनच्या खिशात टाकायची."

मर्लचा मासा तसाच गार झाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याच वेळी तो हसतही होता. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी बटाटे खात राहिले.

"आधी जेव," बाई म्हणाल्या. "आणि मॅच झाली की पट्टी परत आणून दे. मशीनचा स्क्रू ढिला झालाय."

मॅचच्या सकाळी रेषेवर अकरा म्हातारे होते. ड्वेनने मर्लची पट्टी भिंगाखाली धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "अस्सल आहे," तो नाराजीने म्हणाला. "कलमात बसते."

तेवढ्यावर भागलं असतं. पण मर्ल हलेना. "ड्वेन, ऐक. ही माझ्या बापाची आहे. तो जन्मभर हिनेच भरायचा. अंगठ्याने एकही नाही. मला परवा कळलं. कलम सात खोट्यावर उभं आहे. लिहिलं मी, खोडतोही मीच."

"मीटिंगशिवाय कलम खोडता येत नाही," ड्वेन म्हणाला.

"मग ही मीटिंग! बाजूने असतील त्यांनी हात वर करा!"

एकही हात वर झाला नाही. मर्लचा चेहरा पडला. मग माझ्या लक्षात आलं, बाकी सगळ्यांनी कानांवर आवाजबंद टोप्या चढवल्या होत्या. मी शिट्टी फुंकून त्या उतरवायला लावल्या आणि सूचना ओरडून सांगितली. मग मात्र एका दमात सगळे हात वर गेले. त्यांतल्या पाच अंगठ्यांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. सर्वांत जाड पट्टी ड्वेनच्या अंगठ्याला.

ड्वेन वाकला. त्याने बॅगेच्या तळातून नारिंगी लोडर काढला.

"अजून आहे तुझ्याकडे?" मर्ल म्हणाला.

ड्वेन पुन्हा वाकला आणि आणखी एक काढला. हा पाकिटातच होता, वरचा कागद पिवळा पडलेला, कधी न उघडलेला.

"दोन घेतले होते," तो म्हणाला. "आपली पिस्तुलं सारखी म्हणून. त्या मीटिंगला तुझा तुला द्यायला आणला होता. पण तू उभा राहिलास."

मर्लने पाकीट हातात घेतलं. उघडायचा प्रयत्न केला, पण त्याचा अंगठा चालेना. ड्वेननेच ते दाताने फाडून दिलं.

"लव्हॉन," मर्ल म्हणाला, "लाव तुझी दोन मिनिटं."

मी शिट्टी फुंकली आणि घड्याळ लावलं. मी त्यांना तीन दिली.