पडीक माळ

सत्यमने एक मीटर लांबीरुंदीची लाकडी चौकट गवतावर अलगद ठेवली आणि गुडघे टेकून तो आतल्या काड्या मोजू लागला. पवन्या, मारवेल, पुन्हा पवन्या. कुसळे पँटमध्ये रुतत होती. वहीतले आकडे जसजसे वाढत गेले, तसतसा त्याचा हात मंदावला.

"काय हरवलं म्हनावं, बाबा? अंगठी का काय?"

त्याने वर पाहिले. इंदुरीच्या बयाबाई. गेल्या वर्षी मे महिन्यात याच माळावर त्यांनी त्याला तांब्याभर पाणी दिले होते आणि न कंटाळता त्याच्या प्रश्नांना उत्तरे दिली होती.

"गवत मोजतोय, मावशी."

"मोजतूस? आमी नुसतं कापायचो." त्या हसल्या. "तुमी तर वरनं फोटू काढता न्हवं? मग हितं गुडघं कशाला फोडून घेतूस?"

सत्यम ओशाळला. तळेगावच्या एका संस्थेत तो उपग्रहाच्या छायाचित्रांवरून कोरड्या मुलखाची प्रकृती तपासत असे. जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणाच्या गावांपासून इंदुरीच्या या उघड्या माळापर्यंतची जमीन पडद्यावर चौकोनाचौकोनांत विभागलेली असे. धडधाकट ती हिरवी, खंगलेली ती पिवळी, कामातून गेलेली ती लाल. उन्हाळ्यात मात्र वरून सुकलेले गवत आणि मेलेली जमीन सारखीच दिसते. म्हणून अशा ठिकाणी गावात जाऊन विचारायची रीत होती. सत्यमने विचारले होते, उत्तर लिहून घेतले होते आणि चौकोन लाल केले होते. लाल जमिनींची यादी पुढे वरच्या कचेरीत गेली. यंदा पावसाळा सरल्यावर तेच चौकोन हिरवेगार उमटले, तेव्हा कुठे काय चुकले ते पाहायला तो आला होता.

माळाच्या पलीकडच्या टोकाला चार माणसे पहारींनी खड्डे घेत होती. शेजारी सिमेंटचे खांब रचून ठेवले होते.

"मावशी, हे गायरान पडीक आहे, असं तुम्ही मला सांगितलं होतं."

"व्हय. पडीकच टाकलंय. गावानं ठरीवलं. माळ लय दमला हुता. दोन वर्सं जनावर सोडायचं न्हाई, इळा लावायचा न्हाई. निजू द्यायचं त्याला." त्यांनी एक तुरा दोन बोटांत हलकेच धरला; तोडला नाही. "माजी म्हस त्यापायी इकावी लागली. दावणीला बांधून किती दिस पोसनार? पर बग की, कसं भरून आलंय."

सत्यमने वही मिटली. पुन्हा उघडली. आत पाहण्यासारखे काही नव्हते.

"मावशी, मी... तुमच्या बोलण्याचा अर्थ मी वेगळा घेतला. आमच्या कागदात पडीक म्हणजे निरुपयोगी. ती यादी बघूनच माळ गोदामांना दिलाय. ते खांब त्याचेच आहेत."

बयाबाई खांबांकडे पाहत राहिल्या. वाऱ्याने पदर खांद्यावरून घसरला, तरी त्यांनी तो सावरला नाही.

"कागदावं माजं नाव हाय?"

"आहे. माहिती देणाऱ्या म्हणून."

"मग दुसरा शब्द लिव्ह की त्येच्यावं."

"आजच लिहितो. पण ऐकतील असं वाटत नाही."

"कुटला रं तू?"

"इथलाच, शेजारच्या वराळ्याचा."

"वराळ्याचा!" त्या त्याच्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता. "मग तुला कळाया पायजे हुतं, लेका."

वराळ्यात सत्यमच्या घरच्या शेतावर सोसायटी उभी राहिली, तेव्हा तो दुसरीत होता. पड टाकायला घरात जमीनच उरली नव्हती. तो खाली वाकून पायांतली कुसळे एक एक करून काढू लागला.

खड्डे घेणारी माणसे जेवणाचे डबे घेऊन गवतात येऊन बसली. बयाबाई त्यांच्या दिशेने निघाल्या. आता भांडण होणार, असे वाटून सत्यम घाईने मागोमाग गेला.

"बाबांनो," त्या म्हणाल्या, "जरा त्या खडकावं बसता का?"

"का वो आजी?"

"बी धरलंय गवतानं. आजून झडायचंय."

माणसांनी एकमेकांकडे पाहिले आणि डबे उचलले.