गच्चीवर एकही कडी नव्हती

एसिनाम आग्बेको गच्चीवर आली ती गळतीची तक्रार बघायला. अक्रा शहरातल्या या बारा मजली इमारतीचा आराखडा सहा वर्षांपूर्वी तिनेच केला होता. कठड्याशी पन्नाशीचा एक माणूस खाली डोकावत उभा होता. हरमाटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ काचांवर बसली की धुवायला येणाऱ्या टोळीचा तो मुकादम, लार्ते. खाली नवव्या मजल्यापाशी काचा धुण्याच्या लोंबत्या झुल्यात त्याचा धाकटा भाऊ तेते आणि आणखी एक जण होता. झुल्याचे दोर पाण्याच्या टाकीखालच्या लोखंडी चौकटीला बांधले होते.

"टाकीला कशाला बांधलंत, काका?"

"मग काय फुलझाडांना बांधू? दोर अडकवायला इथे एक कडी नाही, मॅडम. ज्याने ही गच्ची आखली ना, त्याला एकदा झुल्यात बसवलं पाहिजे."

मालकाला पार्ट्यांसाठी मोकळी गच्ची हवी होती. आराखड्यातल्या कड्या तिनेच खोडल्या होत्या.

तेवढ्यात चौकट फरशीवरून बोटभर सरकली.

लार्तेने टाकीवर थाप मारली. आवाज पोकळ आला. "सकाळी काठोकाठ होती."

तीन दिवस नळाला पाणी नव्हतं. सकाळी टँकरने भरलेल्या याच टाकीवर सगळे मजले चालले होते, आणि तिच्याच वजनावर खाली दोघं लोंबकळत होते. एसिनामने धावत जाऊन कॉक बंद केला. चौकट पुन्हा सरकली.

"वर चढा," ती म्हणाली. "वजन टाका."

दोघंही टाकीला मिठी मारून चौकटीवर बसली. लार्तेने एका हाताने फोन लावला. "तेते, झुल्याची मोटर लावू नको, हिसका बसेल. समोरची काच फोड आणि आत जा. आधी जोडीदाराला पाठव."

"मालक ओरडेल की, दादा."

"ओरडू दे. फोड."

खालून घावांचे आवाज येऊ लागले. काच फुटेना. ती जाड काच एसिनामनेच निवडली होती. तापलेल्या टाकीला गाल टेकून ती कुणाला तरी विनवत राहिली, कुणाला ते तिलाही कळत नव्हतं. चौकटीचे मागचे पाय उचलले जाऊ लागले.

खळकन आवाज झाला. "तो गेला आत," फोनमधून तेते म्हणाला. मग काहीच ऐकू येईना. लार्ते नुसता "तेते, तेते" म्हणत राहिला.

"आत आलो," शेवटी आवाज आला. "हात कापलाय."

लार्ते उतरला आणि खाली फरशीवरच बसला.

"काका," एसिनाम म्हणाली, "ही गच्ची मीच आखली. कड्या मीच खोडल्या."

त्याने फोन खिशात टाकला. "बुधवारी आम्हाला बंदराजवळच्या निळ्या काचांच्या इमारतीवर जायचंय. तीही तुमचीच?"

"माझीच. तिथेही कड्या नाहीत. जाऊ नका, काका."

"आम्ही नाही गेलो तर दुसरी टोळी जाईल," लार्ते म्हणाला. "त्यांना कोण सांगणार?"