‘पूर्वीप्रमाणेच’ या शब्दावर अडलेला बदल

ऑफिसात तिला पाठीमागे ‘शंकासुर’ म्हणत, आणि हे तिला ठाऊक होतं. फाइली डिस्कवर नीट ठेवणं हे ज्या प्रोग्रामचं काम, त्याच्या माहितीपत्रकातली एकही ओळ तिने तपासल्याशिवाय बदलत नसे. या खेपेचा बदल तिच्या धाकट्या दिराने केला होता. दोघं एकाच कंपनीत होती, फक्त मजले वेगळे.

त्याने प्रोग्राममधली तीन फंक्शनं, म्हणजे ठरावीक काम करणारे तुकडे, मोडून एकच केलं होतं, त्यामुळे चाळीस पानांचं माहितीपत्रक अकरा पानांवर आलं होतं. सगळे खूश होते. तिला मात्र एक वाक्य डाचलं: ‘फंक्शनचं काम संपलं की मजकूर डिस्कवर पोहोचलेला असतो, पूर्वीप्रमाणेच.’

ही ग्वाही मागितली कुणी? चोराच्या मनात चांदणं, असं म्हणत तिने फोन लावला.

“भावजी, हे ‘पूर्वीप्रमाणेच’ कशाला घातलंत?”

“असू दे की वहिनी. वाचणाऱ्याला जरा धीर येतो.”

“आणि चाचण्या?”

“सगळ्या पास,” तो जरा घाईनेच म्हणाला.

आठवडाभर तो घरी जेवायलाही आला नव्हता. आता तिला त्यातही काळंबेरं दिसू लागलं.

दुपारी तिने एक पडीक मशीन घेतलं. नव्या फंक्शनने फाइल लिहिली आणि काम झाल्याचा निरोप येताच प्लग उपटला. मशीन पुन्हा सुरू केलं. फाइल होती, पण रिकामी; मजकूर डिस्कवर पोहोचलाच नव्हता. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. मग तिने त्याला खाली बोलावलं.

त्याचा चेहरा उतरला. “पण वाक्य तर जुनंच आहे. मी शेवटचा शब्द तेवढा जोडला.”

त्याने जुना प्रोग्राम चढवला आणि स्वतः प्लग काढला. याही वेळी फाइल रिकामीच.

‘पूर्वीप्रमाणेच’ हा शब्द खरा निघाला होता, खोटं होतं ते जुनं वाक्य. सहा वर्षांपूर्वी त्या वाक्याला मंजुरी तिनेच दिली होती.

“मग जेवायला का येत नव्हतात?” तिने विचारलं.

“दादाशी वाजलंय माझं. गाडीवरून.”

तिला ओशाळल्यासारखं झालं. बदल आठवडाभर रोखून धरावा लागेल, असं तिने साहेबांना कळवलं. ते वैतागले. मग तिने अकरा पानं दोघांच्या मध्ये ठेवली.

“एकेक वाक्य घेऊ, प्रत्येकाला प्लग काढून पाहू.”

“सगळी?”

“सगळी. माझी आधी.”