सुरीचा हात, वस्तऱ्याचा हात

"उस्ताद, हा वस्तरा आहे की करवत?" सलूनवाल्याने वस्तरा माझ्यासमोर फळीवर आपटला. "सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाच्या हनुवटीतून रक्त काढलं यानं. वीस वर्षांपासूनचं माझं गिऱ्हाईक, अर्ध्या दाढीनं उठून गेलं!"

मी वस्तरा उचलून उजेडात धरला. खरं तर पाहायची गरज नव्हती. काय झालंय ते मला चांगलं ठाऊक होतं, कारण ते मीच केलं होतं.

आमचं दुकान धार लावायचं. पुढे मी, मागे पडदा, पडद्यामागे खिडकीपाशी बायको. सुरीच्या बाबतीत मी कुणाला हार जात नाही, हे आधीच सांगून टाकतो. सुरीची पाठ दगडावरून करंगळी मावेल एवढी उचलायची, हात दाबून न्यायचा, आणि धार अगदी गुळगुळीत होऊ द्यायची नाही. किंचित खरखर ठेवली तरच ती टोमॅटोच्या सालीला धरते, नाहीतर वरच्यावर घसरते. वस्तऱ्याचं सगळं उलटं. त्याची पाठ उचलायचीच नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली, हाताचा भार जवळजवळ नाहीच, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून ओढत राहायचं. ऐकायला सोपं आहे. पण वस्तरा हातात आला की माझं मनगट आपोआप वर होतं. वडिलांनी दोन वर्षं माझ्यापुढे डोकं फोडलं आणि एक दिवस दगड उचलून सुनेपुढे ठेवला.

"तुझा हात सुरीचा, हिचा वस्तऱ्याचा," ते म्हणाले. "पण बाहेर बोलू नकोस. बाईने लावलेली धार गळ्यावर घ्यायला लोक कचरतात."

वडील गेले, तरी मी तोंड उघडलं नाही. एकतीस वर्षं वस्तरे पडद्याआड जायचे, परत यायचे आणि शाबासकी मी खिशात घालायचो. गेल्या आठवड्यात बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली. म्हटलं, दोन-चार वस्तरे आपणच लावू, कुणाला कळतंय! त्यातलाच हा एक.

"तुमचा हात गेला, उस्ताद," सलूनवाला म्हणाला. त्याच्या आवाजात आता राग कमी आणि हळहळ जास्त होती. "आमच्या गल्लीतले सगळे वस्तरे यापुढे दुसरीकडे जातील. मी तरी काय करू, पोट आहे."

तेवढ्यात पडद्याच्या कडेने एक हात बाहेर आला. ती सकाळीच परतली होती आणि सगळं ऐकत होती. उघडा तळवा, म्हणजे 'द्या इकडे'. आमची जुनी खूण. मी गुपचूप वस्तरा दिला असता, दगडच खराब निघाला अशी एक थाप ठोकून दिली असती, तर उस्ताद उस्तादच राहिला असता. खोटं कशाला सांगू, हात पुढे झालासुद्धा होता. पण तिच्या बोटांच्या पेरांवरचे घट्टे दिसले आणि मला स्वतःची लाज वाटली.

मी पडदा सरकवला.

"तुमचे वस्तरे आजवर हिनेच लावलेत," मी म्हणालो. "हा तेवढा मी लावला आणि बिघडवला."

सलूनवाला आधी माझ्याकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिला. "वहिनी?"

"अहो, काय हे!" ती माझ्यावर पुटपुटली. पण उठून पुढे आली, माझ्या स्टुलावर बसली आणि पहिल्यांदाच रस्त्यासमोर दगडावर पाणी टाकलं. वस्तरा फिरू लागला. तिचं लक्ष डोळ्यांत नव्हतंच, कानात होतं. आवाज जरा जाड आला की बोटं सैल व्हायची. माझी चूक घालवायला तिला पाऊण तास लागला. सलूनवाला तेवढा वेळ उभाच होता.

धार नखावर टेकवून पाहत तो मला म्हणाला, "बसा. बघायला गळा पाहिजे एक."

"माझाच का?"

"बिघडवला कुणी?" बायको म्हणाली.

गंमत म्हणजे तिची धार मी कधी अंगावर घेतली नव्हती. वस्तरे लोकांचे, आणि मी आपला साधा ब्लेडवाला. सलूनवाल्याने तोंडाला साबण फासला, वस्तरा लावला, आणि गळ्यावरून काहीतरी गार फिरलं, एवढंच कळलं. फडक्यावर पांढरे केस पडत होते. मला तिचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा स्वतःच्या कुठल्या सुरीचाही कधी वाटला नसेल. तोंडाला साबण होता म्हणून बरं.

सलूनवाल्याने वस्तरा पुसून मिटला.

"उस्ताद," तो म्हणाला.

"बोला," मी म्हणालो.

पण तो तिच्याकडे बघत होता. "परवा अजून चार आणतो. चालतील ना?"

दुसऱ्या दिवशी तिने तो पडदा काढला, धुतला आणि फाडून त्याची फडकी केली. माझ्या सुऱ्या मी आता त्यांनीच पुसतो.