नारिंगी रेघ

"जाडोबा, इकडे या जरा. आली बघा."

जाडोबा म्हणजे आमच्या खात्यातले दुसरे टायपिस्ट. एरवी त्यांना खुर्चीतून उठवायचं म्हणजे क्रेन मागवावी लागते. त्या दुपारी मात्र चटकन उठले आणि माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. माझ्या स्क्रीनवर छातीच्या एक्स-रेचा एक रिपोर्ट अर्धा टाइप झालेला होता. शेवटच्या शब्दापुढे माझ्या कर्सरची निळी रेघ लुकलुकत होती. दोन ओळी वर नारिंगी रेघ होती. कोणी बोट ठेवून वाचावं तशी ती एकेका शब्दावरून सरकत होती. 'उजव्या' या शब्दापाशी आली आणि थांबली.

"बंद करा हो तो प्रोग्राम," जाडोबा म्हणाले.

"का? खाते का ती तुम्हाला?" म्हणाले खरी, पण भीती मलाही वाटत होती. मी डॉक्टरांचं रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा ऐकलं. डॉक्टर 'डाव्या' म्हणाले होते.

नारिंगी रेघ थांबाबाईची होती. आणि थांबाबाईला जाऊन महिना उलटून गेला होता.

तिचं खरं नाव हॉस्पिटलात कोणाला आठवत असेल असं वाटत नाही. डॉक्टर बोलायचे, मी टाइप करायची आणि ती तपासायची, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं. रिपोर्ट पाठवायला माझं बोट बटणाकडे गेलं की पलीकडच्या टेबलावरून हाक यायची, "थांबा!" डॉक्टरांना तेच, आमच्या खात्याच्या मॅडमना तेच. एकदा कॅन्टीनमध्ये मी चहात साखर घालत होते, तर ओरडली, "थांबा!" मी वैतागून बघितलं, तर हातात मिठाची बरणी. अशा बाईशी भांडायचं तरी कसं? मी भांडायची म्हणा. रोज भांडायची. 'तुझ्या थांबामुळे माझी बस चुकते' हे मी तिला इतक्यांदा ऐकवलं की तीच माझ्याआधी ते वाक्य म्हणायला लागली.

लग्न केलं नाही, बढती मागितली नाही, सहलीला आली नाही. शोकसभेत मॅडमना बोलायला दोन मिनिटं दिली होती, तीही उरली. चूक झाली तर सगळ्यांना दिसते. झालीच नाही ती कोणाला दिसणार? मला राग आला होता तेव्हा. अजूनही येतो.

आजारपणात तिला हॉस्पिटलनं लॅपटॉप देऊन घरून काम करायला सांगितलं. त्यावर आमचा तो जुना प्रोग्राम होता. तो मशीनमध्येच राहतो. रिपोर्टांची प्रत मशीनमध्येच ठेवतो, नेट गेलं तरी काम चालू देतो, आणि नेट आलं की साठलेलं सगळं आपलं आपण वर पाठवून देतो. शिवाय जोडीदार ज्या रिपोर्टवर असेल तोच आपल्याकडेही उघडतो. त्यामुळे ती घरी असली तरी तिची रेघ दिवसभर माझ्या रेघेमागे असायची. शेवटी शेवटी ती अगदी सावकाश चालायची. एके दिवशी आली नाही, तेव्हाच मी काय ते समजले.

आणि आता ती पुन्हा यायला लागली होती, रोज दुपारी. यायची, मागे मागे चालायची, मध्येच कुठेतरी थांबून राहायची. थांबली तिथे दर वेळी चूक निघायचीच असं नाही, उगाच कशाला खोटं बोलू. पण मी दर वेळी तपासायची.

आमच्या कॉम्प्युटरवाल्याला सगळे तारवाला म्हणतात, कारण तो कायम टेबलांखाली तारांत असतो. त्याला मी गाठलं.

"भूतबित काही नाही हो ताई," तो टेबलाखालूनच बोलला. "त्यांच्या लॅपटॉपमध्ये न पाठवलेलं काम पडून असणार. तो चालू झाला की प्रोग्राम ते वर ढकलतो."

"रोज? महिनाभर?"

तो टेबलाखालून बाहेर आला आणि कपाळ पुसत म्हणाला, "नाही. ते खरं तर पहिल्याच दिवशी संपायला हवं."

"मग रोज कोण येतंय?"

"येत्या शुक्रवारनंतर कोणी येणार नाही," तो म्हणाला. "चार वाजता जुनं बंद. नवं सगळं ब्राउझरमध्ये. पान उघडा, काम करा, पान मिटा. मशीनमध्ये काही उरत नाही. हा जुना प्रोग्राम म्हणजे प्रत्येक मशीनमध्ये बिऱ्हाड थाटून बसलेला आहे, किती जणांना सांभाळायचं? नव्यात तर थांबाबाईंचं नावसुद्धा टाकलेलं नाही."

शुक्रवारी दुपारी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "त्यांचा लॅपटॉप अजून घरीच आहे. तुमची मैत्रीण होती ना? आज जाऊन घेऊन या. उद्या सगळी जुनी मशीनं पुसून टाकायची आहेत."

"त्यांचे वडील आहेत घरी. एकटेच."

"मग? मशीन हॉस्पिटलचं आहे."

ते बरोबरच होतं. मी टेबलाशी आले, प्रोग्राम बंद केला, मशीन बंद केलं, ड्रॉवरला कुलूप घातलं आणि निघाले. हे मी मुद्दाम सांगतेय. मशीन मी माझ्या हातांनी बंद केलं होतं.

थांबाबाईचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार काकांनीच उघडलं. लहानखुरे, पाठीत वाकलेले, गळ्यात अजून शिंप्याची टेप. आयुष्यभर कपडे शिवले त्यांनी. आता डोळे गेल्यात जमा होते. चेहरा ओळखायला त्यांना अगदी जवळ यावं लागलं.

"हॉस्पिटलातल्या का? या, या. बरं झालं आलात. पण जरा हळू बोला हं, वेळ झालीये." असं म्हणून ते भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेले.

आतल्या खोलीत शिलाई मशीन एका कोपऱ्यात, आणि खिडकीपाशी टेबलावर लॅपटॉप. त्याच्यासमोर दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीच्या पाठीला थांबाबाईचा राखाडी स्वेटर. काका दुसऱ्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी चाचपडत लॅपटॉपचं बटण दाबलं. प्रोग्राम आपोआप उघडला. नारिंगी रेघ पहिल्या ओळीच्या सुरुवातीला येऊन लुकलुकायला लागली.

म्हणजे हे होते तर! मला एकदम हसू आलं आणि रडूही आलं. इतके दिवस मी ज्या रेघेला भ्यायले, तिच्यामागे हे एवढेसे म्हातारे काका होते.

"काका, रोज तुम्हीच लावता का हे?"

"हो तर. तिनंच शिकवलंय. बटण दाबायचं, बसायचं. मला अक्षरं दिसत नाहीत, पण रंग दिसतात. निळी पुढे टाके घालत जाते, नारिंगी मागून. ती म्हणायची, 'बाबा, निळी माझी मैत्रीण. ती घालते, मी उसवते.'" ते हसले. "निळी फार घाईची आहे म्हणायची. तिची बस असते."

मी पदर तोंडाला लावला. "आणि नारिंगी? ती तुम्ही फिरवता?"

"हा उंदीर धरतो आणि निळीच्या मागे नेतो. एकटी वाटू नये ना तिला."

"कोणाला?"

"निळीला." काकांनी माझ्याकडे मान वळवली. "तिला कोणी सांगितलं असेल का, की आमची गेली म्हणून? मला वाटलं, नसेलही सांगितलं."

मी तिकडे हॉस्पिटलात त्यांच्या नारिंगीसाठी जीव टाकत होते आणि हे इथे माझ्यासाठी माउस धरून बसत होते.

"मग मध्येच थांबता ते?" मी विचारलं. "एखाद्या शब्दापाशी?"

"हात दुखतो हो. थोडा विसावा घेतो." मग जरा विचार करून म्हणाले, "कधी कधी पाणी प्यायला उठतो. परत येतो तर नारिंगी पुढे गेलेली असते. म्हातारपण. आपण कुठे सोडलं तेच लक्षात राहत नाही."

मनात एक शंका येऊन गेली. पण मी तिला थारा दिला नाही. ऐंशीच्या घरातला माणूस, डोळ्यांना दिसत नाही, असं होणारच. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि आता सांगूनच टाकावं म्हणून घसा खाकरला.

"काका, एक सांगायचंय. हे आज बंद होणार आहे. चार वाजता. आणि हा लॅपटॉप मला परत न्यायचाय."

काका टेपचं एक टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"नवं काहीतरी आलंय हॉस्पिटलात," मी म्हणाले. "त्यात हे असं घरी बसून राहणारं काही नसतं."

"आणि माणसं?"

"माणसं तीच आहेत."

"आमची पण?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, चांगलं येतं. पण त्या माणसासमोर आलं नाही. "नाही काका," मी म्हणाले. "त्यांचं नाव त्यात नाही."

काकांनी मान हलवली. मग हात लांब करून, अंदाजानं, त्यांनी लॅपटॉपची वायर शोधली. "न्या मग. दुसऱ्याची वस्तू आहे. फक्त चारपर्यंत बसू दे. निळीनं वाट बघू नये."

"ती आज यायची नाही," मी म्हणाले. आता सांगायलाच हवं होतं. "काका, ती निळी म्हणजे मीच."

त्यांनी चेहरा अगदी माझ्या चेहऱ्याजवळ आणला. बराच वेळ बघितलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्क्रीनकडे बोट केलं.

"मग ती कोण?"

स्क्रीनवर निळी रेघ आली होती. एक रिकामा रिपोर्ट उघडला होता आणि ती भराभर टाइप करत होती. माझ्याच वेगानं, माझ्याच सवयीनं, वाक्याच्या शेवटी क्षणभर घुटमळून. मी माझ्या हातांकडे बघितलं. ते माझ्या मांडीवर होते.

तारवाला असेल, मी स्वतःला म्हणाले. शेवटचा दिवस, काहीतरी तपासून बघत असेल. त्याच्याकडे सगळ्यांचे पासवर्ड असतात. असेलही तसं. पण तारवाल्याला दोन बोटांनी टाइप करताना मी इतकी वर्षं बघत आलेय.

"काका, तुमचा हात कुठे आहे?" मी विचारलं.

त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. टेप बोटांना गुंडाळलेली होती. माउस टेबलाच्या पार कडेला पडला होता, आणि नारिंगी रेघ निळीच्या मागे चालली होती. सावकाश, एकेका शब्दावरून. शेवटच्या महिन्यांत चालायची तशी.

मी उठायला हवं होतं. उठले नाही. खरं सांगायचं तर भीती पहिल्या घटकेतच निवली, आणि मग मला फक्त तिची इतकी आठवण आली की छातीत दुखायला लागलं.

चार वाजले. स्क्रीनच्या वरच्या कडेला एक पिवळी पट्टी आली.

"काय म्हणतंय?" काकांनी विचारलं. पिवळा रंग त्यांना दिसला होता.

मी वाचून दाखवलं. "संपर्क तुटला आहे. तुमचं काम या मशीनमध्ये सुरक्षित आहे. तुम्ही काम चालू ठेवू शकता."

आता तिकडे काहीच उरलं नव्हतं. तारवाल्यानं तिकडचं सगळं बंद केलं होतं. इथे मात्र निळी रेघ ओळीच्या शेवटी गेली, खाली उतरली आणि नवीन वाक्य सुरू झालं. तिच्या मागून नारिंगी आली, वाक्याच्या मध्यावर थांबली. निळीही थांबली. ती मागे वळली, तो शब्द पुसला, दुसरा घातला. मग दोघी पुढे निघाल्या.

माझा फोन वाजला. मॅडम होत्या.

"मिळाला का लॅपटॉप? निघालात?"

"नाही मॅडम. तो आणता येणार नाही."

"का? बिघडलाय?"

"चालू आहे. त्याच्यावर काम चाललंय."

"काम? आता?" मॅडमचा आवाज चढला. "कोणाचं काम?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात काकांनी माझ्या दंडाला हात लावला आणि ओठांवर बोट ठेवून, हळू बोला, अशी खूण केली. मी फोन घेऊन दाराबाहेर गेले.