पंचेचाळीसची तबकडी तेहतीसवर

मित्रांनो, लाँड्रीच्या फळीवर स्टार्चच्या डब्यामागे एक चौकोनी पाकीट दिसतं ना, त्यात मी राहते. मी एक जुनी तबकडी आहे, गाण्यांची रेकॉर्ड. माझ्या अंगावर सहा गाणी कोरलेली आहेत. पाचांचा मला अभिमान आहे. सहाव्याची मात्र इतकी लाज वाटते की कुणी मला बाहेर काढलं तरी परत पाकिटात शिरावंसं वाटतं.

कारखान्यात काळा तापलेला गोळा दोन साच्यांत दाबला आणि मी तयार झाले. पण माझी गाणी जन्मली ती या लाँड्रीच्या मागच्या खोलीत. लाँड्री काकांची. घरात काका आणि त्यांची मुलगी, दोघंच. मुलीचा पाय एका जागी ठरत नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. ती गिटार वाजवते आणि गाते. तिच्या जोडीला ड्रम बडवणारा धडाम आणि बेस गिटारवाला लंबू. या तिघांच्या बँडला सरावाला कुणी दारात उभं करेना, तेव्हा काकांनीच मागची खोली उघडून दिली. टांगलेले कोट आणि जाड पडदे आवाज गिळून टाकायचे, त्यामुळे शेजारीपाजारीही गप्प होते.

तिघांना वेड एकच, वेगाचं. गाणं सुरू झालं की शब्द एकमेकांना तुडवत पळायचे. काका हसून विचारायचे, पोरांनो, कुणी मागे लागलंय का तुमच्या?

एके दिवशी एक गिऱ्हाईक कोटावरच्या डागावरून काकांना नाही नाही ते बोललं. डाग आधीपासूनचा होता. तरी काका मान खाली घालून "हो साहेब, हो साहेब" म्हणत राहिले. मागे उभ्या भिंगरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग काढायचा होता गिऱ्हाइकावर, निघाला बापावर. त्याच संध्याकाळी तिने सहावं गाणं लिहिलं:

दुसऱ्यांच्या कॉलरी कडक करतो, स्वतःच्या मानेला बाक,
कुणीही येऊन दरडावून जावं, 'हो साहेब' हीच हाक!

लंबू चाचरत म्हणाला की काकांना कळलं तर फार वाईट होईल. भिंगरीने त्याला उडवून लावलं. इतक्या वेगात म्हणू, की कुणाच्या बापाला कळणार नाही. आणि खरंच, काकांनी ते गाणं कितीदा तरी ऐकलं, इस्त्री फिरवता फिरवता पायाने ताल धरून ऐकलं, पण शब्द एक कळला नाही.

मग आम्ही तबकड्या खोक्यांतून आलो. आमची छापलेली पाकिटं ओल लागून चुरगळली होती. काकांनी आम्हांला बाहेर काढून ठेवलं आणि वर मऊ फडकं टाकून प्रत्येक रिकाम्या पाकिटाला हलक्या हाताने इस्त्री केली. पहिली तबकडी भिंगरीने त्यांना दिली, ती मी. त्यांनी मला दर्शनी काचेत उभं केलं. जो येईल त्याला सांगायचे, आमच्या पोरीची आहे. रविवारी बँडचा पहिला कार्यक्रम होता आणि काका चक्क दुकान बंद ठेवून जाणार होते. मी कौतुकाने फुगले होते. पोटात काय घेऊन बसले आहे, ते विसरलेच होते.

शनिवारी दुपारी काकांनी माळ्यावरचा जुना रेकॉर्ड प्लेअर काढला, पुसला आणि मला त्यावर ठेवलं. मला मिनिटाला पंचेचाळीस फेरे लागतात. त्यांच्या प्लेअरचं बटण जुन्या सवयीने तेहतीसवर होतं. मी सावकाश फिरू लागले. भिंगरीचा आवाज घोगऱ्या म्हाताऱ्याचा झाला, पण शब्दन् शब्द स्वच्छ! काका खूश झाले. "सुधारली की कार्टी," असं पुटपुटलेसुद्धा.

एक बाजू संपली. दुसरी आली. सहावं गाणं जवळ येऊ लागलं तशी मी मनात म्हणत होते, सुई उडू दे, वीज जाऊ दे. पण मी कोरी करकरीत, अंगावर एक ओरखडा नाही. नवेपणाचा एवढा राग मला कधीच आला नव्हता. मित्रांनो, तबकडीला शब्द गिळता येत नाही. मी त्या भल्या माणसाच्या तोंडावर एकेक ओळ सावकाश, समजावून सांगितल्यासारखी म्हणून दाखवली.

काकांनी सुई उचलली. परत ठेवली, त्याच गाण्यावर. तेवढ्यात भिंगरी आली. तिने आवाज ऐकला, बटण पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. एका कोटाची सेफ्टी पिन ओढून ती माझ्यावर धावली. ओढ गं रेघ, मी म्हणत होते, माझी सुटका कर! काकांनी तिचा हात धरला.

"राहू दे. शेजारचं गाणं पण जाईल."

"बाबा, मी रागात..."

"मानेचं खरं आहे," काका म्हणाले. मग मागच्या खोलीकडे बघत हळूच म्हणाले, "तुझी आई गेली तेव्हा तू एवढीशी होतीस. त्या खोलीत, कपड्यांच्या ढिगावर झोपायचीस. इथे आवाज चढला की दचकून उठायचीस, मग तासभर रडणं. म्हणून मी कुणाशी वाद घालायचं सोडलं. हो साहेब म्हटलं की माणूस लवकर जातो."

भिंगरीच्या हातातली पिन खाली पडली. ती तिथेच फरशीवर बसली आणि लहान पोरासारखी रडली.

रविवारी काका गेले. पहिल्या रांगेत बसले. सहावं गाणं तिघांनी म्हटलं नाही, नंतरही कधी नाही. पण माझ्यासारख्या कितीतरी तबकड्या घरोघरी गेल्या होत्या. त्या कशा परत आणणार?

काकांनी मला कधी दोष दिला नाही. माझ्यावरची धूळ अजून तेच पुसतात. फक्त गिऱ्हाईक आलं की "हो" म्हणतात आणि क्षणभर थांबतात. "साहेब" जरा उशिरा येतं. तेवढ्या वेळात मला फळीवर तोंड लपवावंसं वाटतं.

मित्रांनो, आम्हां तबकड्यांना उन्हात ठेवू नका, आमच्यावर बोटं उमटवू नका, हे तर आहेच. पण त्याआधी एक करा. आपल्या माणसाबद्दलचे शब्द आमच्या अंगावर कोरण्यापूर्वी एकदा सावकाश म्हणून पाहा, त्याच्याकडे बघून. तोंड उघडत नसेल, तर ती जागा कोरीच ठेवा. मी तिथे आनंदाने मुकी फिरेन.